कर्णाचं अस्त्र आणि अल्जियर्सची पेटी

विज्ञानकथा वाचणाऱ्या माणसाशी गप्पा सुरू झाल्या की थोड्या वेळात इंग्रज विज्ञानकथाकार आर्थर क्लार्कचा तिसरा नियम निघतोच. तंत्रज्ञान पुरेसं पुढे गेलं की ते आणि जादू यांत फरक ओळखू येत नाही, असं तो नियम सांगतो. क्लार्कच्या १९६२ सालच्या पुस्तकाच्या १९७३ मधल्या सुधारित आवृत्तीत तो आहे. छोटा, ठसठशीत, पटकन पाठ होणारा. त्याच्या आडून वाटेल ती कथा खपवता येते हा मात्र त्याचा त्रास. नायक हात वर करतो, निळा प्रकाश पडतो, मेलेला माणूस उठून बसतो. हे झालं कसं असं विचारलं की लेखक क्लार्ककडे बोट दाखवून मोकळा.

मी कराडजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकीच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. दिवसभर सोनोमीटरच्या तारा बदलायच्या, काटा अडकलेले गॅल्व्हानोमीटर उघडायचे, रिहोस्टॅटची सरकपट्टी घासून साफ करायची, आणि रात्री विज्ञानकथा वाचायच्या. या दोन्हींतून माझं एक पक्कं मत झालं आहे. जादू आणि तंत्र यांच्यातली रेघ यंत्र किती पुढारलेलं आहे यावरून ठरत नाही. त्याचं झाकण काढू देतात का, आणि ते कुणाच्याही हातात चालतं का, यावरून ठरते.

पहिल्या गोष्टीसाठी अल्जियर्सला जावं लागेल.

१८५६ साली फ्रेंच सरकारने रोबेर-हूदँ नावाच्या जादूगाराला अल्जीरियात पाठवलं. हा मूळचा घड्याळजी. पुढे अमेरिकेत गाजलेल्या हुडिनीने आपलं नाव घेतलं ते याच्यावरून. अल्जीरिया तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता, आणि तिथल्या मराबूत म्हणवणाऱ्या अवलियांचा लोकांवर मोठा पगडा होता. हे लोक चमत्कार दाखवून जनतेला आपल्याविरुद्ध उठवतात, असं सरकारचं म्हणणं. म्हणून त्यांच्याहून मोठा चमत्कार दाखवणारा आपला माणूस धाडायचा, असा बेत ठरला. टोळ्यांच्या प्रमुखांना थिएटरात बोलावलं गेलं.

रोबेर-हूदँने एक लहानशी पेटी रंगमंचावर ठेवली. वर उचलायला कडी. प्रेक्षकांतून एक धट्टाकट्टा गडी पुढे आला, त्याने ती सहज उचलून खाली ठेवली. मग जादूगाराने हातवारे करून जाहीर केलं की आता तुझी ताकद मी काढून घेतो. गड्याने परत कडी धरली. पेटी हलेना. पाय रोवले, दम कोंडला, सगळा जोर लावला, तरी जागची हलेना. शेवटी कडीतून विजेचा झटका दिला गेला आणि तो माणूस ओरडत, सगळ्यांच्या देखत, रंगमंचावरून पळत सुटला. ही हकीकत रोबेर-हूदँनेच आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे, आणि मोठ्या अभिमानाने.

पेटीच्या तळाला लोखंड होतं. रंगमंचाच्या फळ्यांखाली विद्युतचुंबक. कळ दाबली की पेटी फळीला धरून बसायची, सोडली की मोकळी. विल्यम स्टर्जनने विद्युतचुंबक केला १८२५ मध्ये. म्हणजे अल्जियर्सच्या त्या रात्री हे तंत्र तीस वर्षं जुनं होतं. युरोपातल्या तारऑफिसांत असेच चुंबक दिवसरात्र टकटक करत होते. आमच्याकडे अकरावीची पोरं खिळ्याला इनॅमलची तार गुंडाळतात, सेल जोडतात आणि टाचण्या उचलतात, ते हेच. यात पुढारलेलं काही नव्हतं. त्या गड्यापासून फक्त एक फळी लपवलेली होती.

रोबेर-हूदँ लिहितो की नंतर दुभाष्यांकरवी त्याने लोकांना सांगायला लावलं, ही चेटूकविद्या नाही, कसब आहे. असेल. पण जमिनीखालची गुंडाळी हे हाताचं कसब नव्हे. ती भौतिकी आहे, आणि त्या गड्याला खाली नेऊन ती दाखवली असती तर त्याला पळावं लागलं नसतं. त्याची ताकद कुठेच गेली नव्हती, एवढं तरी त्याला कळलं असतं. हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्या माणसाचा विचार करवेना. घरी गेल्यावर त्याने बायकोपोरांना काय सांगितलं असेल?

कोलंबसचीही अशीच एक करामत आहे. १५०४ साली तो जमैकात अडकून पडला होता आणि तिथले लोक त्याच्या खलाशांना अन्न देईनासे झाले होते. त्याच्याकडे रेगिओमोंटानस या जर्मन खगोलशास्त्रज्ञाचं छापील पंचांग होतं. २९ फेब्रुवारीला खग्रास चंद्रग्रहण आहे हे त्यात बघून त्याने लोकांना धमकावलं, माझा देव तुमचा चंद्र काढून घेणार. ग्रहण लागलं, लोक घाबरले, अन्न आलं. भिंतीवर कालनिर्णय टांगलेल्या घरात ही युक्ती चालणार नाही. आपल्याकडे ग्रहणाचे वेध पाळणारे पुष्कळ आहेत, पण ते कुणा माणसाच्या हुकमाने लागतं असं कुणी मानत नाही, कारण त्याची वेळ आधीच छापून घराघरात आलेली असते.

आता दुसरी गोष्ट, कुणाच्याही हातात चालण्याची. यासाठी मला कर्णाइतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे सापडलेलं नाही.

कर्ण परशुरामाकडे ब्रह्मास्त्र शिकायला गेला तो मी ब्राह्मण आहे असं सांगून. पुढे किड्याने मांडी पोखरली तरी गुरूची झोप मोडू नये म्हणून तो हलला नाही, आणि एवढं सोसणारा ब्राह्मण नसणार म्हणून परशुरामाने त्याला ओळखलं. शाप दिला की तोडीस तोड वीराशी लढताना, अंतकाळी, हे अस्त्र तुला आठवणार नाही. तसंच झालं. आणखी पुढे या. अश्वत्थाम्याने ब्रह्मास्त्र सोडलं, अर्जुनानेही सोडलं. मागे घ्या म्हटल्यावर अर्जुनाला घेता आलं, अश्वत्थाम्याला नाही, कारण तेवढं व्रत, तेवढा संयम त्याच्याकडे नव्हता.

म्हणजे अस्त्र माणसाला ओळखतं. तू कोण, तुझा गुरू कोण, कुठल्या मार्गाने शिकलास, तुझं व्रत अभंग आहे का, हे सगळं त्याला कळतं. म्हणून ब्रह्मास्त्र म्हणजे आपल्या पूर्वजांचा अणुबॉम्ब होता, असे निरोप मोबाईलवर फिरतात तेव्हा मला वाईट वाटतं. महाभारताला त्यातून काही मोठेपण मिळत नाही, उलट त्यातला सगळ्यात खोल भाग हातातून निसटतो. युरेनियम कुणालाच ओळखत नाही. फोडणारा सज्जन की दुर्जन, कसली व्रतं पाळतो, कुणाच्या पोटी जन्मला, त्याला कशाशीच देणंघेणं नसतं. ठरावीक वस्तुमान एकत्र आलं की अणू फुटण्याची साखळी सुरू. ते चुकीच्या हाती पडू नये म्हणून संकेतांक, कुलपं, पहारे माणसांना वेगळे बसवावे लागतात. तंत्राची ही बेफिकिरी भयंकर आहे. आणि तीच बेफिकिरी फार मोठी देणगीही आहे, कारण कर्णाला जे अस्त्र नाकारलं गेलं ते विजेच्या बटणाने नाकारलं नसतं. माझ्या प्रयोगशाळेत कुणाच्याही पोराने मंडल नीट जोडलं की काटा हलतो. आडनाव बघून हलत नाही.

आमच्या कपाटात साधारण मीटरभर लांबीची तांब्याची नळी आहे. नवीन तुकडी आली की मी ती बाहेर काढते. निओडिमियमचा गोल चुंबक वरून आत सोडते आणि पोरांना खाली हात धरायला सांगते. एवढ्या उंचीवरून वस्तू पडायला अर्धा सेकंदही लागत नाही. चुंबक मात्र खाली यायला चांगले काही सेकंद घेतो. पोरं नळीत डोकावतात, तो भिंतीला न लागता मधोमध सावकाश उतरताना दिसतो, आणि कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, जादू!"

"चिकटतंय आतून," दुसरा म्हणतो.

"मग बाहेरून चिकटवून बघ की."

तांब्याला चुंबक चिकटत नाही. मग मी नळी आणि चुंबक त्यांच्या हातात देते आणि बाजूला होते. पोरं तेवढ्याच आकाराचा लोखंडी तुकडा सोडून बघतात, तो खट्कन खाली. चुंबक उलटा करून सोडतात, तेवढाच सावकाश येतो. मग मी दुसरी नळी काढते. हिला हॅक्सॉने उभी चीर पाडलेली आहे. हिच्यातून तोच चुंबक पहिलीपेक्षा बराच लवकर पडतो. इथे वर्गातला आवाज बदलतो. चुंबक खाली सरकतो तसे तांब्यात वर्तुळाकार प्रवाह उठतात, ते स्वतःचं चुंबकत्व तयार करून त्याला मागे ओढतात. चिरेमुळे नळीभोवतीची वर्तुळं तुटतात आणि ओढ कमी होते. लेंझचा हा नियम १८३४ चा आहे, पुस्तकात चार ओळींत दिलेला. पण चिरेतून बोट फिरवून 'इथे तुटतंय' असं एखादी मुलगी म्हणते, तेव्हा ती वस्तू जादूच्या बाजूने तंत्राच्या बाजूला आलेली मला दिसते. आश्चर्य मात्र तिथेच राहतं. उलट वाढतं. चीर पाडलेली नळी बघितल्यावरच पोरं परत परत चुंबक सोडत बसतात.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावागावांत हेच करत आले. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा लपवायचा, 'मंतरलेलं' पाणी शिंपडायचं, नारळ पेटतो. लोक हात जोडतात. मग शेंडी उलगडून तुकडा दाखवायचा आणि गर्दीतल्याच एखाद्या पोराच्या हातून नारळ पेटवून घ्यायचा. त्या पोराला कसली सिद्धी नसते, तरी पेटतो. रोबेर-हूदँ जिथे थांबला त्याच्या पुढची ही पायरी आहे. ज्यांनी हे काम महाराष्ट्रभर नेलं त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. झाकण उघडणं हे काही जणांना किती महागात पडतं, हे आपण बघितलेलं आहे.

हे सगळं मी विज्ञानकथेबद्दलच लिहिते आहे. कारण चांगली विज्ञानकथा मला त्या चिरेच्या नळीसारखी काम करताना दिसते, आणि मराठीत याचा सगळ्यात सुंदर नमुना म्हणजे जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती'. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळंओवळं फार, हे आपल्याकडे घराघरात ठाऊक. मूर्तीची सोंड डावीकडची उजवीकडे गेली तर मराठी मन लगेच दैवी करणीकडे धावणार. नारळीकर नेमकं तिथे वाचकाच्या हातात मोबियसची पट्टी देतात, म्हणजे एक पीळ देऊन टोकं जोडलेली पट्टी. अवकाशाला तसा पीळ पडला आणि त्यातून एक फेरी मारून वस्तू परत आली, तर डावं ते उजवं होईल.

हे घरी करून बघता येतं. आमच्याकडे ओएचपीच्या, म्हणजे जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या, पारदर्शक शीट पडून होत्या. त्यातली एक लांब पट्टी कापली, एक पीळ देऊन टोकं चिकटवली. डाव्या हाताचा पंजा दुसऱ्या पारदर्शक तुकड्यावर काढून तो पट्टीवरून सरकवत नेला. एक फेरी पूर्ण झाली की पंजा उजवा. कुठेही उचलला नाही, उलटा केला नाही. कथा वाचून झाल्यावर वाचक असा काहीतरी उद्योग करायला उठतो, यात मला त्या कथेचं यश दिसतं. शिवाय या कल्पनेला किंमत चुकवावी लागते. असा उलटलेला माणूस आपल्यात राहू लागला तर आपलं साधं जेवण त्याच्या अंगी लागणार नाही, कारण सजीवांच्या प्रथिनांतली अमिनो आम्लं एकाच बाजूची, डावी असतात, आणि त्याच्या शरीराला उजवी लागतील. रेणूंनाही डावं-उजवं असतं हे पाश्चरने १८४८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक चिमट्याने एकेक वेगळे करून दाखवलं होतं. भरल्या ताटावर उपाशी राहणारा माणूस! जादूत अशी अडचण आली की दुसरा मंत्र म्हणतात. विज्ञानकथेत त्याच अडचणीतून पुढची गोष्ट सुरू होते.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपली आद्याक्षरं त्यांनी उलटी केली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मजकूर पत्नी मंगलाबाईंच्या हातून लिहून घेतला. तोवर ते जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ होते. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. कर्णालाही नाव लपवावं लागलं आणि त्याची शिक्षा झाली. इथे नाव लपवलं ते कथेचं माप कथेवरूनच घेतलं जावं म्हणून. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा त्यांच्या खगोलशास्त्राबद्दल पुष्कळ लिहून आलं. मला मात्र हे टोपणनाव परत परत आठवत राहिलं.

क्लार्कवर मी जरा कठोर लिहिलं आहे, तर त्याच्याच आयुष्यातली एक घटना सांगते. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर उपग्रह ठेवला तर तो एकाच जागी स्थिर दिसेल आणि अशा तीन उपग्रहांवरून जगभर प्रक्षेपण करता येईल, हे त्याने १९४५ साली एका रेडिओविषयक मासिकात मांडलं होतं. त्यानंतर तीस वर्षांनी, १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, आपल्या देशात उपग्रहावरून खेड्यांना टीव्ही दाखवण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह, सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी, आणि प्रत्येक खेड्यात एक टीव्ही. महाराष्ट्र त्यात नव्हता. क्लार्क तेव्हा श्रीलंकेत राहत होता. इस्रोच्या लोकांनी कोलंबोला जाऊन त्याच्या घरी अँटेना बसवून दिली, आणि भारतातल्या शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम तो घरबसल्या बघू लागला.

खेड्यांतल्या त्या अँटेना कशाच्या होत्या? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीच्या. सुमारे तीन मीटर व्यासाची थाळी, जाळी ठोकून केलेली. भोकं पडलेली जाळी चालते, कारण ८६० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३५ सेंटिमीटर लांब असते. तिच्या दृष्टीने ती बारीक भोकं नसल्यातच जमा, जाळी तिला सलग आरशासारखी. आकाशातून चित्र येतंय, याहून जादूसारखं १९७५ च्या खेड्याला दुसरं काय असणार? पण त्या आश्चर्याचं एक टोक गावातल्या कुणालाही दुरुस्त करता येईल अशा जाळीला बांधलेलं होतं. वाऱ्याने वाकली तर सरळ करा, तुटली तर तार ओवा. क्लार्कच्या नियमाला त्याच्याच कल्पनेने दिलेलं इतकं चांगलं उत्तर मी दुसरं वाचलेलं नाही.

आणि आता आपण कुठे आलो आहोत? माझी आई जन्मभर शेतात राबली. तिच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. रेशनच्या दुकानातलं मशीन त्या रेषा जिथे संपतात किंवा फुटतात ते बिंदू टिपून जुळवतं. रेषाच उरल्या नसतील तर जुळवणार काय? आई अंगठा पदराला पुसते, परत ठेवते. मागची रांग चुळबुळते. मग दुसरं बोट. घरी येऊन ती म्हणते, "आज त्यानं अंगठा घेतला नाही." देवाने कौल दिला नाही म्हणावं, तसं. दोष मशीनचा आहे हे तिच्या मनातही येत नाही. आपल्यातच काही कमी पडलं, असा तिचा चेहरा असतो. अल्जियर्सच्या त्या गड्याचाही असाच झाला असणार.

तू कोण असं विचारणारं, पुन्हा झाकण बंद असलेलं यंत्र. आता तर प्रश्नांना फडाफडा उत्तरं देणाऱ्या संगणकप्रणाली आल्यात, ज्यांनी नेमकं तेच उत्तर का दिलं हे बनवणाऱ्यांनाही पुरतं सांगता येत नाही. मुलं त्यांच्याकडून जर्नल लिहून आणतात आणि विचारलं की म्हणतात, तिथं तसंच आलंय. जादूची कथा वाचायला मला आवडते, परीकथाही आवडतात. पण खरी यंत्रं मंत्रासारखी वागू लागली असताना विज्ञानकथेनेही 'क्वांटम' हा शब्द छूमंतरसारखा वापरावा, आणि पुरातन यंत्र फक्त एका निवडलेल्या वंशाच्या मुलाच्या स्पर्शाने जागं व्हावं, हे मला सोसत नाही. ते परशुरामाचं अस्त्रच झालं, वर फक्त धातूचा पत्रा चढवलेला.

मला मराठीत हवी आहे ती कथा अशी. काळ दोनशे वर्षांनंतरचा. दुष्काळी माणदेशात हवेतून पाणी ओढणारं यंत्र, कुणी बसवलं ते आता कुणाला ठाऊक नाही. लोक त्याला नारळ फोडतात, ते काहींना पाणी देतं, काहींना देत नाही, आणि ज्यांना मिळत नाही ते आपलं पाप शोधत बसतात. कथेच्या मध्यावर ते बंद पडलं पाहिजे. मग गावातली एखादी बाई पाना घेऊन त्याच्याखाली शिरली पाहिजे, आणि आत तिला काय दिसलं, कुठला नट ढिला होता, कुणाला पाणी द्यायचं ही यादी कुठे आणि कुणी भरून ठेवली होती, हे लेखकाला ठाऊक असलं पाहिजे.